सगळ्यात कमी दराचा फोन

नरहरमामांनी चौतीस वर्षं रेल्वेच्या इंजिन कारखान्यात नोकरी केली, पण इंजिनाला त्यांचा हात क्वचितच लागला असेल. ते खरेदी विभागात होते. बोल्ट हवेत, ग्रीस हवं, पंखे हवेत, की बाजारातून निविदा यायच्या आणि मामा त्यांचा तुलनात्मक तक्ता बनवायचे. भाव, वाहतूक, मुदत, सगळं मांडून ज्याचा आकडा सगळ्यात कमी त्याच्यापुढे ‘एल-वन’ लिहायचं. माल त्याचा.

रिटायर झाले, पण तक्ते सुटले नाहीत. तूरडाळ घ्यायची तरी विश्वेश्वरगंजच्या बाजारात चार दुकानं फिरून यायचे. लतिकामामी म्हणायच्या, “आमच्या वेळी यांना एकच स्थळ सांगून आलं म्हणून लग्न झालं. दोन आली असती तर अजून तक्ताच चालू असता.”

मी त्यांना मामा म्हणते ते अक्कांमुळे. गंगेकाठच्या रामघाटच्या गलीत आमच्या घराच्या दुसऱ्या मजल्यावर अक्का राहतात. माझ्या आजोबांच्या वहिनी त्या, आणि नरहरमामांच्या सख्ख्या मोठ्या बहीण. पंधरा वर्षांनी मोठ्या. नाव सीता, पण त्या नावाने हाक मारणारं आता कुणी उरलेलं नाही. मामा सहा वर्षांचे असताना त्यांची आई गेली, आणि पुढच्याच वर्षी अक्कांचे यजमान. वडील ब्रह्माघाटावर पौरोहित्य करायचे. घरात लहान मूल सांभाळणं त्यांच्याने होईना. तेव्हा बावीस-तेवीस वर्षांच्या अक्कांनी भावाला रामघाटावर आणलं आणि महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंचा स्वयंपाक करून त्याला वाढवलं, शिकवलं. मामांना आई आठवत नाही. अक्का आठवतात.

आता अक्का एक्याऐंशीच्या आहेत. काचबिंदूने नजर बरीच गेली आहे. स्वतःचा भात-वरण स्वतः करतात, जिना एकट्या उतरत नाहीत. मामा महमूरगंजला राहतात, मंगळवारी आणि शनिवारी येतात. उरलेले पाच दिवस सकाळी बरोबर साडेआठला त्यांचा फोन. आधी तिथी, मग पेपर. पेपर म्हणजे बातम्या थोड्या आणि तेरावं, पुण्यतिथी यांच्या जाहिराती जास्त. अक्कांना कोण गेलं हे कळलं पाहिजे. त्यानंतर ‘काय केलंस जेवायला’ आणि ‘औषध घेतलंस का’. वीस मिनिटं. हे मला समजायला लागल्यापासून चालू आहे. पूर्वी खालच्या आमच्या लँडलाइनवर यायचा, आता अक्कांच्या मोबाईलवर येतो.

तो मोबाईल बटणांचा आहे. मामांनीच शोधून आणला होता, कारण तो फोन करणाऱ्याचं नाव मोठ्याने बोलतो. साडेआठ वाजले की वरून एका बाईचा ठसठशीत हिंदी आवाज यायचा, “नरहर! नरहर!” आणि अक्का चाचपून हिरवं बटण दाबायच्या.

गेल्या वर्षी हिमानीने, म्हणजे मामांच्या मुलीने, हॉलंडहून तिकिटं काढली. तिला दुसरं मूल होणार होतं. आई-बाबांनी मेमध्ये यायचं आणि तीन महिने राहायचं. मामी त्याच रात्री बॅग काढून बसल्या. मामांनी वही काढली.

“अक्काला फोन कसा करायचा?” एवढाच त्यांचा प्रश्न होता.

“व्हॉट्सअ‍ॅपवर करा ना बाबा, फुकट आहे,” हिमानी म्हणाली.

“तिच्या बटणांच्या फोनवर?”

मग माझ्या फोनवरून करायचं ठरलं. मी फोन घेऊन वर गेले, हिमानीला लावला, अक्कांच्या हातात दिला. अक्कांनी “बरी आहेस ना, जप” म्हटलं आणि फोन परत केला. नंतर मला म्हणाल्या, “तू समोर उभी. शाळेत जायची घाई तुला. मी काय बोलणार?” मामांनी त्यांच्यासाठी मोठा फोनही आणून पाहिला. अक्कांनी त्या काचेवरून बोटं फिरवली, दोनदा दिनानाथ गवळ्याला फोन लागला, आणि त्यांनी तो कापडात गुंडाळून मामांना दिला. “हे झंझट मला नको.”

तेव्हा साध्या फोनवर साधा फोन लागला पाहिजे, हे नक्की झालं. मामा कामाला लागले. गोदौलिया, सिगरा, रथयात्रा, तिन्ही ठिकाणच्या दुकानांत एकच प्रश्न घेऊन गेले आणि तीन उत्तरं घेऊन आले. गोदौलियाचा दुकानदार म्हणाला, “बाबूजी, पैक डाल दीजिए, टेंशन खतम.” पॅक दहा दिवसांचा होता आणि महिन्याचाही. त्यात मिनिटं मोजून मिळायची. आपला हाच नंबर तिकडे चालणार. पॅक न टाकता चुकून बोललात तर एका मिनिटाला पावशेर पेढ्यांचे पैसे जातील, हेही त्याने सांगितलं.

“आणि तिने मला केला तर?”

“तब भी आपका ही कटेगा.”

“फोन ती करणार, उचलणार मी, आणि पैसे माझेच?” मामा ते वाक्य घरी येऊन दोन दिवस म्हणत होते. खरेदी विभागात असा पुरवठादार त्यांनी दारात उभा केला नसता.

दुसरी वाट म्हणजे हॉलंडला उतरल्यावर तिथलं सिम घ्यायचं. काही सिमवर भारतात बोलायची मिनिटं स्वस्तात मिळतात. तिसरी वाट वाय-फायवरून आपल्याच नंबरने बोलायची. पण ते कंपनीवर अवलंबून, आणि मामांच्या जुन्या फोनला ते जमत नव्हतं. चौथी अक्कांनीच मिस्ड कॉल देण्याची. तो मामांनी न उचलता कापला तर पैसे पडत नव्हते. पण अक्का म्हणाल्या, “मिस्ड कॉल भाजीवाल्याला देतात.” पाचवी हिमानीने सुचवली: फोनमध्ये एक अ‍ॅप घ्यायचं, त्यात थोडे पैसे भरून ठेवायचे, ते इंटरनेटवरून जातं आणि पलीकडे अगदी साध्या फोनची घंटी वाजते. मिनिटाचा दर सगळ्यांहून कमी.

हिमानीने तिकडून मामींच्या फोनवर लावून पाहिला. लागला. आवाज स्वच्छ. मामींच्या पडद्यावर कुठलातरी भलताच नंबर आला, ते मामांनी पाहिलंही. पण तक्त्यात त्यासाठी रकाना नव्हता. अ‍ॅपपुढे ‘एल-वन’ पडलं. भारताचं सिम पॅक न टाकता फोनमध्येच ठेवायचं, कारण पेन्शनच्या बँकेचे मेसेज त्यावर येणार आणि ते यायला पैसे पडत नाहीत, अशीही नोंद झाली.

निघताना मामा अक्कांच्या पाया पडले. “वेळ तीच अक्का. साडेआठ. फिकीर करू नकोस.”

“तिकडे तेव्हा किती वाजतील?”

“पहाटेचे पाच. उठतोच की मी.”

शनिवारी मामांचा पहिला फोन यायचा होता. मी सकाळी सातलाच शाळेत शिकवायला जाते. दुपारी दोनला घरी पोचले तेव्हा माझ्या फोनवर मामांचे सहा मेसेज होते. अक्का फोन उचलत नाही, फोन लगेच कटतो, वर जाऊन बघ, बघितलंस का, बरी आहे ना, उत्तर दे. मी दोन-दोन पायऱ्या चढत वर गेले. अक्का गव्हातले खडे बोटांनी निवडत बसल्या होत्या.

“अक्का, फोन आला नाही का?”

“चार आले. चारही कापले,” अक्का समाधानाने म्हणाल्या. “फोन नुसते आकडे बोलत होता. नाव नव्हतं. नरहरनेच सांगून ठेवलंय, नाव नसेल तर लाल बटण. नरहरचा मात्र नाही आला बघ. पोचला असेल ना?”

मी त्यांना समजावून सांगितलं की तिकडून नंबर वेगळा दिसतो, उद्या उचला. त्या “हो” म्हणाल्या. पण ते “हो” मला काही पक्कं वाटलं नाही. दुसरा दिवस रविवारचा होता, म्हणून सव्वाआठलाच चहा घेऊन मी त्यांच्याजवळ जाऊन बसले.

साडेआठला घंटी वाजली. बाईचा आवाज आकडे म्हणू लागला. कालच्याहून वेगळे. मी म्हटलं, “मामांचाच आहे, उचला.” अक्कांनी हिरवं बटण दाबलं. फोनचा स्पीकर नेहमीच चालू असतो, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं.

“अक्का! मी नरहर बोलतोय. नंबर बदललाय माझा.”

हे ऐकलं आणि मी कपाळावर हात मारला. कारण महिन्यापूर्वीच मामांनी पेपरमधली एक बातमी अक्कांना दोनदा वाचून दाखवली होती. ठग लोक घरच्या माणसाचा हुबेहूब आवाज काढतात, ‘नंबर बदललाय’ म्हणतात आणि म्हाताऱ्या माणसांना लुबाडतात. अगदी हेच शब्द.

अक्का ताठ बसल्या. “कोण नरहर?”

“अगं मी! तुझा भाऊ!” त्यांचा आवाज जरा थांबून यायचा, आणि मागून अक्कांचाच आवाज परत ऐकू यायचा. त्याने तर अक्कांचा संशय अजून वाढला.

“अक्का, मामाच आहेत,” मी म्हटलं.

“तू गप्प बैस. आवाज कुणीही काढतो.” मग फोन तोंडाजवळ नेऊन, शाळेतल्या बाईंसारख्या खणखणीत आवाजात त्या म्हणाल्या, “नरहर असशील तर सांग. माझी मोठी पितळी परात कुठे गेली?”

पलीकडून अक्कांचाच प्रश्न परत ऐकू आला. 

परातीची गोष्ट मी ऐकलेली होती. आमच्या घरात सगळ्यांनीच ऐकलेली होती. तीस माणसांची कणीक एका वेळी भिजेल एवढी परात. अक्कांनी यात्रेकरूंच्या पैशांतून घेतलेली पहिली मोठी वस्तू. ती एक दिवस अंगणातून गेली. नगरकडच्या यात्रेकरूंचा एक जत्था त्याच सकाळी परतला होता, त्यांच्यातल्या कुणीतरी नेली असं ठरलं. पुढचे आठ महिने अक्का दोन ताटांत कणीक मळत होत्या.

“चोरीला गेली ना ती,” मामा म्हणाले. “नगरवाल्यांनी नेली.”

“असं? मग ठेव फोन.” अक्कांचा अंगठा लाल बटण शोधू लागला.

“अक्का थांब! थांब, कापू नकोस!” आवाज फाटला होता. “मी नेली. मी नेली होती गं. घाटावर.”

“कशाला?”

“होडी करायला. तिच्यात बसलो होतो.”

“मग?”

“मग काय... चार हात गेली आणि बुडाली. मी पोहत आलो परत.”

“पोहत?” अक्का म्हणाल्या. “पोहता तुला सातवीत यायला लागलं. पन्ना मल्लाहने होडी आणून केसाला धरून काढला तुला. खोटं बोलायचं ते अजून धड येत नाही.” आणि त्यांनी भिंतीला पाठ टेकली, पाय लांब केले. “हां. आता सांग. प्रवासात जेवलास का नीट?”

 पलीकडून मामांचा अगदी लहान झालेला आवाज आला. “तुला ठाऊक होतं?”

“पन्ना त्याच संध्याकाळी सांगून गेला.”

“मग तू बोलली का नाहीस कधी? पंचावन्न वर्षं झाली अक्का.”

“काय बोलायचं? तुला ताप भरला होता.”

लतिकामामींनी नंतर मला सांगितलं, की त्या पाणी प्यायला उठल्या तर मामा स्वयंपाकघराच्या गॅलरीत, हॉलंडच्या त्या गार उजाडत्या हवेत, अंगावर शाल घेऊन रडत होते आणि फोनवर विमानातल्या जेवणाचं वर्णन करत होते. मामी शेजारी जाऊन उभ्या राहिल्या. त्या दिवशी तिथी राहिली, पेपर राहिला. नगरच्या त्या माणसांबद्दल अक्का म्हणाल्या, “त्यांना मी मनात पुष्कळ शिव्या दिल्या रे. त्याचं पाप अर्धं तुझ्याकडे.” मामा म्हणाले, “सगळं माझ्याकडे.” “नको, अर्धंच,” अक्का म्हणाल्या. एकेचाळीस मिनिटांनी अ‍ॅपमधले पैसे संपले आणि फोन आपोआप बंद झाला.

त्या दिवशी हॉलंडच्या घरात नाश्त्याला पुन्हा वही निघाली. हिमानी म्हणाली, “बाबा, सरळ इथूनच रोमिंगचा पॅक टाका. तुमचाच नंबर जाईल, तिचा फोन तुमचं नाव बोलेल. बात खतम.”

“सगळ्यात महाग तोच आहे.”

मामी पोळी लाटत होत्या. त्या म्हणाल्या, “अहो, कारखान्यात सगळ्यात स्वस्त बोल्ट इंजिनाला बसला नाही तर काय करायचात?”

“नापास. अटींत बसत नाही, असा शेरा मारायचो.”

“मग मारा की.”

मामांनी दहा दिवसांचा पॅक टाकला. सोमवारी साडेआठला मी शाळेत होते, पण आईने सांगितलं, वरून “नरहर! नरहर!” ऐकू आलं आणि पाठोपाठ अक्कांचं हसणं. तेवढ्या दहा दिवसांत मामांनी तिथलं सिम शोधलं. तीन दुकानं हिंडूनच. ज्यावर भारताची मिनिटं स्वस्त होती आणि मुख्य म्हणजे नंबर एकच राहणार होता, असं घेतलं. नंबर मला पाठवला. मी तो अक्कांच्या फोनमध्ये घातला, पण ‘नरहर’ हे नाव आधीच असल्यामुळे मी ‘नरहर दो’ असं लिहिलं.

दुसऱ्या दिवशी अक्कांनी फोन उचलल्या उचलल्या विचारलं, “हा दुसरा नरहर कोण?”

“हॉलंडचा आहे. पहिला सुट्टीवर गेलाय,” मामा म्हणाले. ही गंमत दोघांना महिनाभर पुरली.

मजा अशी झाली, की तिकडे मामांकडे सांगायला काही नव्हतं. पंचांग होतं, पण पेपर नव्हता, मेलेली माणसं ओळखीची नव्हती. मग अक्काच सांगू लागल्या. त्यासाठी त्या आम्हाला कामाला लावायच्या. गंगेचं पाणी चढायला लागलं तशी आज किती पायऱ्या गेल्या हे मी सकाळी शाळेत जाण्याआधी बघून यायचं. देवव्रत गुरुजींच्या पाठशाळेत नवीन विद्यार्थी किती आले, दूधविनायकाजवळची गळणारी टाकी दुरुस्त झाली का, सगळं गोळा करून साडेआठला त्या तयार बसायच्या. जुलैत हिमानीला मुलगा झाला. मामांनी साडेआठची वाट न बघता दुपारीच फोन लावला आणि बाळाला फोनजवळ धरलं. अक्का बराच वेळ ते रडणं ऐकत होत्या. मग म्हणाल्या, “घसा चांगला आहे. ब्रह्माघाटाचा दिसतो.” त्याचं नाव निमिष ठेवलं.

आता आमच्या भागातलं कुणी परदेशी निघालं की नरहरमामांकडे पाठवतात. गेल्या महिन्यात यज्ञेश पाठक नेपाळला चालला होता, तो गेला. मामांनी त्याला पॅक, सिम, अ‍ॅप सगळं समजावून सांगितलं, पण त्याआधी विचारलं, “घरी फोन कोण उचलणार? त्यांच्याकडे फोन कसला आहे? नंबर अनोळखी दिसला तर उचलतील?” यज्ञेश मला म्हणाला, “अरे यार, मी स्वस्त काय ते विचारायला गेलो होतो, मामांनी माझ्या आजीचीच चौकशी केली.”

मामा-मामी गेल्या वर्षी ऑगस्टमध्येच परतले. बाबतपूरला विमानातून उतरल्यावर मामांनी जुना नंबर चालू केला आणि आधी रामघाटला फोन लावला.

“आलास? मग फोनवर काय बोलतोस? इकडे ये,” अक्का म्हणाल्या.

मामी म्हणत होत्या, आधी घरी जाऊ, बॅगा टाकू, आंघोळ करू. मामांनी टॅक्सी मैदागिनकडे वळवायला सांगितली. तिथून पुढे गाडी येत नाही. दोन मोठ्या बॅगा ओढत, चिखलातून, गाई-मोटरसायकली चुकवत दोघं गलीतून आले तेव्हा मामींचा चेहरा बघण्यासारखा होता. मी एक बॅग घेतली. अक्कांनी पिठलं-भात करून ठेवला होता. मामांच्या चेहऱ्यावरून त्यांनी दोन्ही हात फिरवले, गाल दाबून बघितले आणि म्हणाल्या, “वाळलायस.”

“चार किलोंनी वाढलेत,” मामी म्हणाल्या.

जेवण झालं.  मामा हात धुऊन आले, अक्कांच्या चटईवर आडवे झाले, आणि मामी हॉलंडहून आणलेली चॉकलेटं मला दाखवत होत्या तेवढ्यात घोरायला लागले. अक्कांनी मला खुणेने पंख्याचा वेग वाढवायला सांगितला. संध्याकाळचे पाच वाजले तरी त्यांनी मामांना उठवू दिलं नाही.